अकरावं दालन

बावीस वर्षं राजवाडा दाखवणाऱ्या गाईडबाईंना व्यवस्थापक गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमचा आवाज ॲपमध्ये घालू. पर्यटक कानात ऐकत फिरतील, तुमच्या पायांना तेवढाच आराम." "आणि पुढच्या महिन्यापासून मी काय करायचं?" यावर तो नुसता हसला. पायांना आराम देतो म्हणत हा पोटावर पाय देतोय, हे न कळायला बाई काही दूधखुळ्या नव्हत्या.

तरी त्यांनी अकराही दालनं रंगवून रंगवून रेकॉर्ड केली. ते तपासून ऐकायची तसदी कोणी घेतली नाही. बाईंची गोष्ट तिथल्या शिपायालासुद्धा तोंडपाठ होती ना!

उद्घाटनाला चाळीस पाहुणे ॲप ऐकत निघाले. धाकट्या राणीला कोंडून ठेवलेल्या अकराव्या दालनात सगळे श्वास रोखून थांबले. कानात बाई सांगत होत्या, "आणि एका पहाटे, बाहेरून कुलूप घातलेलं हे दार सताड उघडं सापडलं. कोणी उघडलं असेल?"

 

"ते मी यंत्राला सांगत नसते. कानातलं काढा आणि मागे वळा. मी दारातच उभी आहे."