दोन टकटक

१९९३ सालच्या एप्रिलची अखेर होती. सोन-कुल सरोवराच्या काठावर बुरुल गळ्यात आवाजाचा मिक्सर अडकवून उभी होती, आणि तिला हेडफोनमध्ये बर्फ तडकताना ऐकू आला.

दोन माइक होते. एक तिचा मदतनीस कुबात याच्या हातातल्या लांब काठीला बांधलेला. तिकडे साठ मीटरवर, गोठलेल्या सरोवरावर, म्हातारे कोळी जुमाश अता, म्हणजे जुमाश बाबा, कॅमेऱ्यासाठी बोलत होते आणि कुबातने तो त्यांच्या डोक्यावर धरला होता. दुसरा माइक तिथेच, मासे धरायच्या भोकातून, रबरी फुग्यात गुंडाळून पाण्यात सोडला होता. त्याचा आवाज एकट्या बुरुलला येत होता.

आधी तिला वाटलं, मासा असेल. मग तो आवाज पुन्हा आला. लांबून जवळ येणारा, जाड कापड टरकावं तसा.

तिने टॉकबॅकचं बटण दाबलं. ते दाबून बोललेलं तारेतून थेट कुबातच्या कानात जाई.

"कुबात, बर्फ फाटतोय. अतांना घे आणि आडवा पड."

शूटिंग चालू असताना काठीवाल्याला बोलता येत नाही. म्हणून या दोघांनी खूण ठरवली होती. काठीवर नख वाजवायचं. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही.

टक.

एकदाच. वर लांबून त्याचे दातही दिसले.

अख्खा हिवाळा बुरुलने या बटणाचा उपयोग कुबातला हसवण्यासाठी केला होता. 'विजार घसरली रे तुझी.' 'मागे लांडगा उभाय.' परवा तर 'बर्फ तडकला' म्हणून त्याला चार पायांवर रांगायला लावलं होतं, आणि सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते.

"थट्टा नाही रे. भाकरीची शपथ!"

टक.

"काय चाललंय तुमचं?" काठावर तिच्या शेजारीच कॅमेऱ्यामागे उभा असलेला दिग्दर्शक साबिरबेक पुटपुटला. "शेवटचं रीळ आहे, बुरुल. स्टुडिओत दुसरं नाही. अर्ध्या मिनिटात म्हातारा संपवतोय."

"बर्फ फुटतोय, साबिरबेक!"

"सकाळी अतांनी पहारीने ठोकून, कान लावून पाहिलाय. साठ वर्षं काढलीत त्यांनी या बर्फावर. तुझ्या डबड्याला जास्त कळतं का?"

कान लावून. बुरुलला सकाळ आठवली. "दगड आहे, दगड," अता म्हणाले होते. नंतर तिने पाठीमागून तीनदा चहा विचारला, तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, मानी माणूस. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत ते उत्तरं देत, तेही तिला अदबीचं वाटलं होतं.

म्हाताऱ्याला ऐकूच येत नव्हतं. आणि कोणता कोळी ते आपल्या तोंडाने सांगेल?

तिने घसा फोडून हाका मारल्या. वारा सरोवराकडून होता. त्याने हाका उचलून मागे डोंगरात टाकल्या. अतांचे कान गेलेले, कुबातचे हेडफोनखाली झाकलेले. त्याच्यापर्यंत जायला ही एक तार होती, आणि त्या तारेवर त्याचा विश्वास नव्हता. तो तिनेच घालवला होता.

बोटांना आधी सुचलं. पाण्यातल्या माइकचा आवाज तिने कुबातच्या हेडफोनकडे वळवला आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

"ऐक," ती म्हणाली. "हे तुझ्या पायाखालचं आहे."

कुबातची मान खाली गेली. पुढच्या क्षणी त्याने काठी म्हाताऱ्याच्या गुडघ्यांमागे घालून त्यांना पाडलं आणि स्वतःही पडला. मग बर्फ फाटला. बुरुलच्या कानांत असा कडकडाट झाला, की हेडफोन फेकून द्यावासा वाटला. तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. तिकडे पांढरा धुरळा उडाला. माणसं दिसेनात. आता नुसता वारा ऐकू येत होता.

"कुबात?"

वारा.

"कुबात, गाढवा, हो म्हण. नाही म्हण. काहीतरी म्हण रे, माझ्या राजा."

साबिरबेक कॅमेरा सोडून बर्फाकडे धावला होता. रीळ आपलं आपण फिरत होतं.

टक. टक.

तारेच्या मागाने दोघं पोटावर सरपटत आले, काठी आडवी धरून. म्हातारा कमरेपर्यंत भिजला होता, दातखीळ बसत होती, तरी एकच घोकत होता, "मला ऐकू आलं होतं. मला आधीच ऐकू आलं होतं." त्याचं म्हणणं कुणी खोडलं नाही.

जुमाश अता त्यानंतर बर्फावर गेले नाहीत. दोन हिवाळ्यांनी आपल्या अंथरुणात गेले. स्टुडिओ बंद पडला, चित्रपट अर्धाच राहिला. साबिरबेकने बिश्केकमध्ये टॅक्सी चालवली. गिऱ्हाइकांना तो शेवटचा प्रसंग तोंडी सांगायचा. कुबात रशियात बांधकामावर गेला आणि तिकडचाच झाला.

बुरुलचे कान सत्तरीत गेले. ती लपवत नाही. दूधवालीला दारातूनच सांगते, "ओरडून बोल गं, मी बहिरी आहे." नोरूझला, वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, कुबातचा फोन येतो. त्याचे शब्द तिला कळत नाहीत. ती फोन जबड्याच्या हाडाला दाबून धरते आणि थांबते.

हाडाला दोन ठोके लागतात. मग तीही नखाने दोनदा वाजवते.