कोरी टोपी

धान्याच्या रांगेत त्रोफिमसने डोक्यावरची टोपी पुन्हा चाचपून पाहिली. पांढऱ्या लोकरीची, कोरी; सुटलेल्या गुलामाची खूण. काल न्यायाधीशासमोर धन्याने त्याला सोडले आणि गुलाम त्रोफिमस रोमचा नागरिक झाला. तेव्हापासून टोपी डोक्यावर होती. झोपतानाही त्याने ती काढली नाही.

“अहो, उवा होतील,” सिंतिखे म्हणाली होती.

“होऊ देत. स्वतंत्र माणसाच्या उवा आहेत.”

सिंतिखे त्याची बायको. त्याच घरात जाते ओढणारी, अजून गुलामच. धन्याचे मन मऊ आहे तोवर तिच्यासाठीही शब्द टाकायचा, असे त्याने आज ठरवले होते.

नागरिकांना मिळणारे सम्राटाचे फुकट धान्य घ्यायला अर्धे शहर लोटले होते. त्रोफिमसच्या पुढेमागे त्याच्यासारखे म्हातारेच फार. कुणी कमरेत वाकलेला, कुणाचे दात पडलेले, एकाला तर धड दिसतही नव्हते. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोरी टोपी. यंदा सगळ्याच धन्यांना देव आठवला की काय, असे त्याला वाटले. इतक्यात दवंडी आली. उद्या रिंगणात सिंह सोडणार, बघायला पैसा नको. रांगेने सम्राटाचा जयजयकार केला. त्रोफिमसही घसा बसेपर्यंत ओरडला.

तो पोते घेऊन घरी आला, तेव्हा धनी अंगणात अंजिरे खात बसला होता. त्याने पोते बोटाने दाबून पाहिले.

“भरून दिलंय की! चला, तुझ्या पोटाची काळजी आता सम्राटाला. संध्याकाळच्या आत तुझी चटई तेवढी उचल. बाहेर कुठे खोली बघ.”

त्रोफिमसने टोपी काढून हातात घेतली. “धनी, सिंतिखेलाही सोडा. तिचंही वय झालं.”

धनी मनापासून हसला. “अरे वेड्या, बायकांना कुठे मिळतं सम्राटाचं धान्य?”

त्रोफिमसने हातातल्या टोपीकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांपुढे रांगेतल्या कोऱ्या टोप्या आल्या.

चटई गुंडाळून तो जात्यापाशी गेला. घरघर थांबली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तुझ्यावाचून या घराचं चालायचं नाही.”

सिंतिखे लाजली. हातावरचे पीठ झटकू लागली. मग तिला त्याच्या काखेतली चटई दिसली.

“आणि तुमच्यावाचून?”