खोऱ्याचा हेल

"ओळखलं हं, मॅडम!" पलीकडची मुलगी हसली. "खोऱ्यातला हेल अगदी झकास काढलात. पत्तासुद्धा खराखुरा सांगितलात. पण या वेळी नाही फसायची मी."

मॅडमच्या हातातला मोबाइल घामाने निसटत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला. समोर स्वयंपाकघराच्या फरशीवर तिची आई पडली होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडून होता. गॅसवर दूध उतू जात होतं. गॅस बंद करायचंही मॅडमला सुचत नव्हतं.

रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घ्यायला मॅडम शिकवायची. त्या शहरात सगळा कारभार इंग्रजीत चाले आणि इंग्रजीवरूनच माणसाची किंमत ठरे. शहरी इंग्रजी म्हणजे शिकलेलं, भरवशाचं. वरच्या खोऱ्यातली माणसं तीच भाषा हेल काढून बोलत आणि वाक्याच्या शेवटी, आपण 'माझे बाई' म्हणतो ना, तसं काहीतरी लाडाचं जोडत. ऐकणाऱ्याला आधी हसू येई, मग संशय. मॅडमचा पहिला धडाच तो होता. "खोऱ्यातला आवाज आला की निम्मं वजा करा. ही माणसं राईचा पर्वत करतात. आधी पुन्हा सांगायला लावा, मग गाडी."

धडा मुरला की नाही हे बघायला ती सुट्टीच्या दिवशी घरून, दर वेळी वेगळ्या नंबरवरून, परीक्षेचे फोन करायची. खोऱ्यातल्या हेलात रडायची, ओरडायची, 'माझे बाई'वर तर चांगला लांबलचक सूर लावायची. जो घाबरून गाडी पाठवायला निघे, त्याला दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहावं लागे. ध्वनिमुद्रण लागलं की सगळी खोली पोट धरून हसायची. सगळ्यांत मोठ्याने हसायची ती हीच मुलगी, जी आता फोनवर होती. "मॅडम, नक्कल करावी तर तुम्हीच!" असंही तीच म्हणायची.

ती नक्कल नव्हती. मॅडमचा जन्मच खोऱ्यातला. नोकरीला लागताना तिने तो हेल जिभेवरून खरवडून काढला होता आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आई राहायला आल्यापासून तर तिने घरी कुणाला बोलावणंच बंद केलं. फोन वाजला की ती आईला खुणेने गप्प करायची. आई बिचारी गप्प बसायची.

आज ती घाबरली आणि पहिल्याच वाक्याला तो हेल आपसूक तोंडात आला.

"अगं, ही परीक्षा नाही!" तिने श्वास आवरला आणि शहरी इंग्रजी ओठांवर आणलं. स्वच्छ, इस्त्री केलेलं. "माझी आई पडली आहे. तिला बोलता येत नाहीये. गाडी पाठव."

"आता तर खात्रीच झाली." मुलगी अजून हसतच होती, पण त्या हसण्यात भीती होती. "मॅडम, मागच्या खेपेला मी फसले तेव्हा तुम्ही म्हणालात, पुढच्या चुकीला घरी बसायचं. घरात कमावणारी मी एकटी आहे हो. आणि ओळख पटली की फोन ठेवायचा, लाइन अडवायची नाही. तुमचाच नियम."

हेल काढला तर नक्कल, शुद्ध बोललं तर परीक्षा. लांडगा आला रे म्हणून मॅडमनेच इतक्यांदा ओरडून ठेवलं होतं की आता खऱ्या लांडग्याला कुणी विचारत नव्हतं. शेजारचं दार तिने आधीच बडवून पाहिलं होतं, त्याला कुलूप होतं. फोन पुन्हा लावला तरी तो त्याच खोलीत जाणार, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला तिनेच शिकवलं होतं.

आईचा घसा घरघरला. तिचे डोळे मिटायला लागले.

मॅडम मटकन खाली बसली. फोन फरशीवर पडला, तो तिच्या लक्षातही राहिला नाही. तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाकून, लहानपणी तापात आई तिला बोलायची तसं, खोऱ्यातल्या इंग्रजीत पुटपुटली, "डोळे मिटू नको गं. माझ्याकडे बघ. मी आहे ना, माझे बाई."

शेवटचे दोन शब्द जेमतेम ऐकू येतील इतके हळू होते. खोऱ्यातल्या घरांत ते तसेच म्हणतात, अर्धे गिळून. सूर लावून, लांबवून फक्त नक्कल करणारे म्हणतात.

फोनमधून काहीच आवाज येईना. ठेवला तिने, मॅडमला वाटलं. मग बटणांचा खडखडाट ऐकू आला. मागून कुणीतरी ओरडलं, "वेडी आहेस का? परीक्षा आहे ती! नोकरी घालवशील." खडखडाट चालूच राहिला.

मग ती बोलली. आवाज तिचाच होता, पण शहराचा नव्हता.

"गाडी निघाली. दार उघडं ठेव," ती म्हणाली आणि शेवटचे दोन शब्द तिने अर्धे गिळले, "माझे बाई."