दोनशे शेंडे

एका दुर्मीळ जातीचं जंगलातलं शेवटचं झाड कोसळलं, पण त्याचा एक कोंब झाडांवर चढण्यात तरबेज असलेल्या झाडकाकांनी आधीच वर चढून खुडून आणला होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याचे बारीक तुकडे करून टिश्यू कल्चरच्या खोलीत दोनशे बाटल्यांत रोपं वाढवली.

रोपांनी खरं तर दिव्याकडे झुकायचं. ही मात्र काका खोलीत येऊन जिथे बसत तिकडे झुकायची.

"लळा लागलाय पोरांना," काका म्हणायचे.

मग काका दवाखान्यात दाखल झाले. दुसऱ्याच सकाळी दोनशे शेंडे कोऱ्या भिंतीकडे वळलेले होते. दवाखाना त्याच दिशेला होता. बाईंनी सगळ्या बाटल्या फिरवून ठेवल्या, तरी रोपं पुन्हा तिकडेच वळली.

आज दुपारी काकांच्या मुलीचा फोन आला. "मावशी, बाबा गेले. आत्ताच."

बाईंनी डोळे पुसून वर पाहिलं. शेंडे आता बंद दाराकडे वळलेले होते. बघता बघता दाराजवळच्या फळीवरचे हलले, मग तिच्या पुढच्या फळीवरचे. कुणी सावकाश चालत यावं आणि त्याच्याबरोबर माना वळत जाव्यात, तसे.

मग सगळे एकदम थांबले. दोनशे शेंडे बाईंच्या खांद्यामागे रोखलेले होते.