नेमाचा स्क्रू
नेमबाजीची निवडचाचणी दुपारी होती आणि सकाळीच एअर रायफल रुसली. नळी खाली दुमडली तरी खटका अडकेना. "हाताला जोरच नाही पोरीच्या," पुटपुटत बाबांनी तिला दिलेली आपली जुनी रायफल जेवणाच्या टेबलावर खोलली. आतून छर्रा ढकलणाऱ्या स्प्रिंगचे चक्क दोन तुकडे निघाले, एकमेकांत रुतलेले. तुटलेली टोकं घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. हे कालपरवाचं नव्हतं. "छर्रा निशाणाच्या खाली लागत नव्हता तुझा?" "लागायचा की. पण 'माझ्या नेमाच्या स्क्रूला हात लावलास तर बघ,' तुम्हीच बजावलेलं. मग स्क्रू न फिरवता मी अंदाजाने नेमच वर धरायचे." बाबा भिंतीवरच्या तिच्या पदकांकडे बघतच राहिले. नवी स्प्रिंग बसली. अंगणात तिने सवयीने नेम वर धरला आणि पहिला छर्रा निशाणाच्या कागदाच्या बराच वर गेला. "आता कुठे धरू, बाबा?" "मला काय विचारतेस?" बाबांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात ठेवला. "मी नेम धरायचो तेव्हा स्प्रिंग कधी तुटलीच नव्हती."