आबांची मिशी

महामाया तेलकंपनीतून सुट्टीला सुलतानपूरला घरी आली, तरी लॅपटॉप उघडाच होता. आसामातल्या डोंगरांखाली सोडलेल्या आणि खडकांवर आपटून परतलेल्या कंपनांवरून तिथल्या थरांचं चित्र तयार झालं होतं. दुमडून तुटलेल्या त्या थरांतला एक तुकडा मूळचा कुठल्या थराचा, हे तिला ठरवायचं होतं.

तिच्या वडिलांनी, गुलाबरावांनी, चष्मा न लावताच पडद्यावर बोट ठेवलं. "हा वरच्या थराचा हाय."

"नक्की, आबा?"

"चुकलो तं मिशी काढतो!"

आबांना चुकलात म्हणायची तिची कधी छाती झाली नव्हती. तिनं मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच तुकडा खालच्या थराला जोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता आबा गेले.

वर्षभरानं तिथे तेलविहीर खणली. तुकडा खालच्याच थराचा निघाला. साहेबांचा फोन आला तेव्हा ती घरीच होती. फोन ठेवून ती आबांच्या तसबिरीसमोर उभी राहिली. तीच झुपकेदार मिशी, तोच रुबाब.

सिंधूताई दारातून लेकीकडे बघत होत्या.

"आबा, चुकले तुम्ही," ती मोठ्यानं म्हणाली. "उठा, काढा मिशी!"