भरलेला पेला

“हिच्याऐवजी दुसरी कुठली आहे? परवडेल अशी?” बाईनं विचारलं आणि गादीकाकांचा चेहरा उतरला.

दुकानाच्या मधोमध मांडलेली ती गादी म्हणजे काकांचा जीव की प्राण. खाली स्प्रिंगा, त्यांतली एकेक वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली. वर झाडाच्या चिकाचं रबर, त्यावर मेंढीची लोकर. हायब्रिड म्हणायचं तिला. किंमत ऐकली की गिऱ्हाईक तिच्यावरून टुणकन उठायचं.

या महिन्यात एकही खपली नव्हती. मालकांनी परवाच ऐकवलं होतं, की लोक हल्ली गाद्या फोनवरून मागवतात, तेव्हा काका, तुम्ही आता गोदाम सांभाळा. गोदामात दिवसभर बोलायला माणूस नाही. घरी तर नव्हतंच. काका एकटा जीव, भाड्याच्या खोलीत सतरंजीवर पाठ टेकायचे आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात हजर. इथं निदान कोणी चार शब्द बोलायचं.

म्हणून त्यांनी या बाईला सहजासहजी सोडलं नाही.

“ताई, एकदा पडून तर बघा. पडायला पैसे लागत नाहीत.”

“नको.” बाई दोन पावलं मागेच सरकली. सोबत आलेली तिची सासू पंख्याखाली खुर्चीत बसली होती. तिनं तर मानच फिरवली. परवडत नाही त्या वस्तूपुढे माणूस असंच करतं, काका मनात म्हणाले.

“हिची खरी गंमत ऐका तरी. शेजारच्यानं रात्रभर कितीही उलथापालथ केली ना, तुम्हाला पत्ता लागायचा नाही!”

हे वाक्य काका वर्षानुवर्षं म्हणत आले होते, आणि इतकं ठासून, की ऐकणाऱ्याला वाटावं यांच्या शेजारी जन्मभर कोणी झोपत आलंय. वाक्यापाठोपाठ पेल्याचा खेळ असायचा. गादीच्या एका बाजूला पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, दुसऱ्या बाजूला आपण धपकन लोळायचं. जोडप्यांना खेळ फार आवडायचा. ती हसायची, टाळ्या वाजवायची, निघून जायची. त्यांतला एक चेहरा काकांना आठवेल तर शपथ. कोणती गादी कधी गेली ते मात्र तोंडपाठ.

“पेला आणा ना,” बाई म्हणाली. “भरून. पण स्वस्तातल्यांवर ठेवून बघू.”

काका चपापले. खेळ त्यांचा आणि सुरू करायचा गिऱ्हाइकानं! असेल पाहिलं कुठे जाहिरातीत, म्हणून ते पाणी घेऊन आले.

पहिली गादी फोमची होती. “आई, जरा इकडे आडव्या व्हा. आता कूस बदला,” बाई म्हणाली. सासूनं चपला काढल्या, मुकाट्यानं आडवी झाली, वळली. पाणी जागचं हललं नाही.

“बघा! निम्म्या किमतीत!” काका म्हणाले.

“दुसरी दाखवा.”

दुसरी काथ्याची होती, वर रबराचा थर. सासू वळली. थेंबसुद्धा सांडला नाही.

“ही तर त्या महागडीची सख्खी बहीणच म्हणा!”

बाईचा चेहरा आणखी पडला. “आणखी नाही का काही?”

काका मेटाकुटीला आले. हिला हवंय तरी काय? जरा सलगीनं त्यांनी विचारून पाहिलं, “साहेब फार वळवळ करतात वाटतं झोपेत?”

“त्यांचं काही नाही हो.” बाईनं पाठीखाली हात घालून सासूला बसतं केलं. तेवढ्यानंही म्हातारीला धाप लागली होती. “ती कोपऱ्यातली कसली?”

“तिचं नाव काढू नका, ताई. जुन्या पद्धतीची आहे. स्प्रिंगा तारेनं एकमेकींना बांधलेल्या, एक दबली की सगळ्या कुरकुरतात.”

बाईनं स्वतःच वरच्या उशा बाजूला केल्या. पेला ठेवला. सासू नुसती टेकली, तोच पेला आडवा झाला आणि पाणी प्लास्टिकवरून जमिनीवर ओघळलं. काका ओशाळून फडकं शोधू लागले.

वळून बघतात तो बाई सासूच्या शेजारी आडवी झालेली. डोळे मिटलेले. “आई, पुन्हा वळा,” ती म्हणत होती. “आता नुसता हात हलवा. आता खोका.”

मग ती उठली. “हीच द्या.”

विकली गेली तर काकांचं चांगलंच होतं, पण त्यांना राहवेना. “ताई, तोंडावर सांगतो, मागून शिव्या नकोत. शेजारी कोणी शिंकलं तरी जाग येईल तुम्हाला.”

“येऊ दे. आई माझ्याजवळच झोपतात.”

काकांनी मान डोलावली. घराघरांत काय काय असतं, आपण कशाला नाक खुपसा! “घरची जुनी असेल तर आणून द्या. बदल्यात घेतो आम्ही. कुठली आहे?”

बाईनं दुकानाच्या मधोमध बोट दाखवलं.

“ती?” काकांना खरंच वाटेना. “ती तुमच्याकडे आहे?”

“तुम्हीच दिलीत. पेला तुम्ही ठेवला होता आणि लोळले आमचे हे. केवढे हसलो होतो आम्ही.”

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. काही आठवेना. “मग बिघडलं काय तिचं?”

“काही नाही. तुम्ही सांगितलं होतं अगदी तशीच आहे.” सासूच्या पायांशी वाकून बाई तिच्या चपला सरळ करू लागली. “सकाळी मी नेहमीसारखी उठले, चहा केला, कप घेऊन त्यांना उठवायला गेले. गार पडले होते. चादर सगळी मुठीत ओढून घेतलेली, गादीखालून उपसलेली. आणि मी रात्रभर शेजारीच झोपले होते, काका.”